सूर सगळ्यांच्या वाट्याला

१९५० आणि १९६०च्या दशकांतली हिंदी चित्रपटगीतं ऐकताना मुखड्याच्या आधी व्हायोलिनांचा मोठा ताफा उसळून येतो. त्या ताफ्यात बसणारे कितीतरी वादक गोव्याच्या छोट्या गावांतून मुंबईला आलेले होते. संगीतकार चाल बांधायचे. ती चाल व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, चेलो यांच्यात वाटून प्रत्येक वादकापुढे लिहिलेला कागद ठेवायचं काम अरेंजर करायचे, आणि त्यातही गोव्याची माणसं आघाडीवर होती. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याबरोबर काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावं. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचं नाव एका गाण्यातून घराघरांत पोचवलं.

एवढ्याशा प्रदेशातून इतके वादक आले कसे? 'रक्तातच असतं' म्हणून हा प्रश्न सोडवता येत नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चना जोडून पॅरिशच्या शाळा चालत. तिथे अक्षरओळखीबरोबर गाणं शिकवलं जाई. शिकवणाऱ्याला 'मेस्त्र' म्हणत. तो मुलांकडून स्वरांची नावं घोटून घ्यायचा, कागदावरचे स्वर वाचायला शिकवायचा, आणि ज्यांची तयारी होईल त्यांच्या हाती व्हायोलिन द्यायचा. गोन्साल्विस यांचे वडील असेच माजोर्ड्याच्या चर्चमधले मेस्त्र होते. या शाळांना मर्यादा होत्या. त्या चर्चच्या गरजेपोटी निघालेल्या होत्या आणि ख्रिस्ती घरांपुरत्या होत्या. मात्र त्या चौकटीत आलेल्या मुलाला आधी 'तुझ्यात गुण आहे का' असं कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांनी शिकायचं, मग ज्याचा त्याचा मार्ग ज्यानं त्यानं शोधायचा. बहुतेक जण आयुष्यभर गावच्या चर्चमध्ये गाणारे राहिले, काही मुंबईच्या स्टुडिओंत पोचले. वरचे ते काही दिसतात, कारण खाली ते बहुतेक होते.

सार्वजनिक शाळेतल्या संगीताचा विचार इथून सुरू करायला हवा. सार्वजनिक शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, महापालिकेची, सरकारी आश्रमशाळा. जिथे प्रवेशासाठी गुण, पैसा किंवा ओळख लागत नाही अशी शाळा. संगीत तिथे शिकवायचं की नाही, या प्रश्नाला जगात जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

बॉस्टनचा निर्णय

१८३०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात लोवेल मेसन नावाचे संगीतशिक्षक होते. संगीत हा सरकारी शाळेतला नेहमीचा विषय व्हावा, असा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता. शहराच्या शाळा समितीनं तत्त्व मान्य केलं, पण पैसे मंजूर होईनात. तेव्हा मेसन यांनी एका शाळेत वर्षभर विनामोबदला शिकवलं. मुलांचं गाणं लोकांनी ऐकलं आणि १८३८मध्ये समितीनं संगीताला वेळापत्रकात जागा दिली. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांत संगीत अधिकृतपणे आलं ते तेव्हापासून.

त्या समितीनं निर्णय घेताना तीन कसोट्या लावल्या होत्या: संगीतानं बुद्धीला काय मिळतं, चारित्र्याला काय मिळतं, आणि शरीराला काय मिळतं. समितीला तिन्ही उत्तरं समाधानकारक वाटली. शाळेत संगीत कशासाठी, हा प्रश्न आजही साधारण याच तीन अंगांनी विचारला जातो.

बॉस्टनची ही लाट जपानपर्यंत गेली. मेइजी काळात शिक्षणव्यवस्था नव्यानं उभी करताना जपाननं इसावा शूजी या तरुणाला अभ्यासासाठी अमेरिकेला पाठवलं. तिथे त्यांची गाठ लूथर व्हाइटिंग मेसन या दुसऱ्या एका मेसनशी पडली. १८७९मध्ये टोकियोत संगीत अभ्यास मंडळ स्थापन झालं, दुसऱ्या वर्षी हे मेसन तिथे शिकवायला गेले, आणि शाळांसाठी गीतपुस्तकं निघू लागली. आजही जपानच्या प्राथमिक शाळेत संगीत हा सक्तीचा विषय आहे. तिथल्या मुलानं बासरीसारखा रेकॉर्डर हाती धरणं ही कुठल्या खास गुणाची गोष्ट मानली जात नाही.

कोदाय यांची शाळा

शालेय संगीताचा सर्वांत सखोल विचार मात्र हंगेरीत झाला. झोल्तान कोदाय यांचा जन्म १८८२मध्ये केच्केमेत या गावी झाला. संगीतकार म्हणून नाव होण्याआधीच, १९०५पासून, ते खेड्यापाड्यांत लोकगीतं गोळा करत फिरू लागले. या कामात बेला बार्तोक त्यांचे सहकारी होते. दोघांनी फोनोग्राफवर शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कागदावर उतरवली. देशाची सांगीतिक मातृभाषा शेतात जिवंत असताना शहरांतल्या शाळांत मात्र परक्या, बेचव चाली शिकवल्या जात आहेत, हे कोदाय यांना फार खुपलं. १९२९मधल्या एका लेखात त्यांनी मांडलं की राजधानीतल्या ऑपेराच्या संचालकापेक्षा एखाद्या लहान गावातला गाण्याचा मास्तर देशासाठी अधिक महत्त्वाचा आहे. संचालक वाईट निघाला तर तो लवकर दूर होतो; वाईट मास्तर मात्र वर्षानुवर्षं एकेका तुकडीच्या मनातली गाण्याची आवड मारत राहतो.

१९५०मध्ये केच्केमेतमध्येच अशी पहिली प्राथमिक शाळा उभी राहिली, जिथे गाण्याचा तास रोज होता. भाषा आणि गणिताइतकाच नेमानं. पुढच्या काळात हंगेरीत अशा शंभराहून अधिक शाळा निघाल्या. १९६४मध्ये बुडापेस्टला संगीतशिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा जगभरच्या शिक्षकांनी ही मुलं गाताना ऐकली आणि पद्धत देशोदेशी गेली. २०१६मध्ये युनेस्कोनं लोकसंगीताचा वारसा जपण्याचा आदर्श उपक्रम म्हणून तिची नोंद केली.

या पद्धतीतला एक तास जवळून पाहण्यासारखा आहे. वर्गात वाद्य नसतं. शिक्षिका एक सूर गुणगुणते आणि हात छातीसमोर धरते, तळवा स्वतःकडे. हा 'सो', म्हणजे आपला पंचम. हात थोडा खाली आणून तळवा जमिनीकडे सपाट करते. हा 'मी', म्हणजे आपला शुद्ध गंधार. मुलं हाताकडे पाहतात आणि गातात. प, ग. प, ग. मूल दुरून कोणाला हाक मारतं तेव्हा आवाज बहुधा याच अंतरानं उतरतो, म्हणून सुरुवात इथून. काही आठवड्यांनी मनगटापासून खाली सोडलेला हात येतो, तो धैवत. मग तिरका वर चढणारा तळवा, तो ऋषभ. आणि कमरेजवळ घट्ट मूठ, तो षड्ज. मग शिक्षिका दोन्ही हात वापरते. डाव्या हाताकडे बसलेली मुलं डाव्या हाताचा सूर धरून ठेवतात, उजवीकडची उजव्या हाताचा. सात-आठ वर्षांची मुलं एकही शब्द न बोलता दोन वेगळे सूर एका वेळी ऐकू लागतात. लयीसाठी पूर्ण मात्रेला 'ता' आणि अर्ध्या मात्रांच्या जोडीला 'ती-ती' म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या, चालायचं. कागदावरची स्वरलिपी यानंतर येते, आधी ऐकलेल्या आणि गायलेल्या गोष्टीचं नाव म्हणून.

मराठी वाचकाला इथे दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील. हात दाखवून शिकवलेले ते पाच स्वर म्हणजे सा, रे, ग, प, ध. आपल्याकडे नवशिक्याला ज्यापासून सुरुवात करून देतात त्या भूपाचे हे स्वर. दोन स्वरांत अगदी जवळचं अंतर नसल्यानं मूल सहजासहजी बेसूर होत नाही, हे दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे कळलेलं शहाणपण आहे. दुसरी गोष्ट, यात 'दो' कुठल्याही पट्टीत धरता येतो. आपला षड्जही तसाच गाणाऱ्याच्या सोयीचा असतो. युरोपातल्या शिक्षकांना जो मुद्दा समजावून सांगावा लागतो, तो आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. या खुणाही कोदाय यांनी शोधलेल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनं मुलांसाठी स्वरनामांची सोपी पद्धत बसवली होती. जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ती वाढवून तिला हाताच्या खुणांची जोड दिली. कामगार आणि गरीब मुलं यांना स्वरवाचन यावं, हाच त्यामागचा ध्यास होता.

आपल्याकडचा धागा

संगीत सगळ्यांना शिकवावं हा विचार आपल्याकडे उसना आलेला नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६मध्ये गायनशाळा सुरू केली. दरबारात आणि घराण्यांत बंदिस्त असलेली विद्या शाळेच्या बाकापर्यंत आणण्याचा तो मोठा प्रयत्न होता.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्यानं इजा झाली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. गवयाला मैफलीत मान आणि एरवी अवहेलना, ही स्थिती त्यांनी पाहिली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुठल्या संस्थानिकाच्या तिजोरीवर विसंबून न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि जलशांच्या उत्पन्नावर. पुस्तकं छापली, स्वरलिपी बसवली, प्रतिष्ठित घरांतल्या मुलामुलींसाठीही दार उघडलं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसऱ्या वाटेनं तेच गाठलं. क्रमिक पुस्तकमालिकेतून शेकडो बंदिशी स्वरलिपीसह सगळ्यांच्या हाती दिल्या, १९१६मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, आणि १९२६मध्ये लखनौला त्यांच्या प्रयत्नांतून संगीत महाविद्यालय उभं राहिलं.

पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले. तिथे रोजच्या प्रार्थनेत सगळ्यांनी सुरात गावं यासाठी ते झटले. 'आश्रम भजनावली' त्यांनीच संपादित केली. १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि झाकिर हुसेन समितीनं नई तालीमचा जो अभ्यासक्रम आखला त्यात हस्तोद्योग, मातृभाषा, गणित यांच्याबरोबर संगीताचं नाव होतं. सर्वांत गरीब खेड्यातल्या मुलासाठी, हातात टकळी असलेल्या मुलासाठी, आपल्या देशानं आखलेल्या शिक्षणात गाणं होतं. ते पुढे बाजूला पडलं.

संशोधन काय सांगतं

संगीतानं मूल हुशार होतं, ही गोष्ट गेल्या तीस वर्षांत फार पसरली. तिचा उगम १९९३मधल्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातल्या ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकवली आणि नंतर आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. त्यांचे गुण थोडे वाढले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. हे विद्यार्थी प्रौढ होते, लहान मुलं नव्हती, आणि प्रयोगात ते संगीत शिकले नव्हते, त्यांनी ते फक्त ऐकलं होतं. तरी वृत्तपत्रांनी त्याला 'मोझार्ट परिणाम' म्हणून डोक्यावर घेतलं, आणि १९९८मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याची योजना मांडली. इतर प्रयोगशाळांत तो परिणाम नीटसा पुन्हा मिळाला नाही.

शिकण्याचा परिणाम वेगळा तपासावा लागतो. २००४मध्ये टोरंटोतल्या ग्लेन शेलेनबर्ग यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एका गटाला कीबोर्ड, दुसऱ्याला कोदाय पद्धतीनं गायन, तिसऱ्याला नाट्य, चौथ्याला काहीच नाही. शाळेचं पहिलं वर्ष सगळ्यांचंच होतं, त्यामुळे बुद्ध्यंक सगळ्यांचाच वाढला. संगीताच्या गटांत तो सरासरी ७ गुणांनी वाढला, इतर गटांत सुमारे ४ गुणांनी. फरक खरा, पण लहान. नाट्य शिकलेल्या मुलांची लोकांत मिसळण्याची वर्तणूक मात्र स्पष्ट सुधारली. नंतर अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेणाऱ्या संशोधकांना असं दिसलं की प्रयोग जितका काटेकोर, तितका संगीताचा गणितावर किंवा बुद्ध्यंकावर होणारा परिणाम पुसट होत जातो.

संगीत ज्याच्या जवळ आहे त्या गोष्टींवर परिणाम अधिक ठोस आहे. नीना क्राउस यांच्या चमूनं लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या, मोफत संगीतवर्गाला जाणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. दोन वर्षं शिकल्यावर त्यांचा मेंदू 'बा' आणि 'गा' अशा जवळच्या ध्वनींतला भेद अधिक स्पष्टपणे टिपू लागला. एका वर्षानं तसं झालं नव्हतं. वाचायला शिकताना हाच भेद कामी येतो. गोंगाटाच्या वर्गात मास्तरांचं बोलणं पकडतानाही कामी येतो.

लाइपझिगमधला २०१०चा प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. चार वर्षांच्या ९६ मुलांना जोड्या करून खेळवलं. अर्ध्या जोड्यांनी खेळताना एकत्र गाणं म्हटलं आणि ठेका धरला, अर्ध्यांनी तोच खेळ गाण्याविना खेळला. नंतर दोघांना काचगोळ्यांच्या नळ्या उचलून न्यायला सांगितल्या, त्यातली एक मुद्दाम अशी केलेली की गोळ्या सांडाव्यात. गाऊन आलेली मुलं सोबत्याच्या गोळ्या गोळा करायला जास्त वेळा थांबली. ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांतल्या दहा हजारांहून अधिक मुलांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या अभ्यासातही, संगीत, नृत्य, नाट्य, चित्र यांची भर पडलेल्या शाळांत शिस्तभंगाचे प्रसंग घटले, मुलांचं लेखन सुधारलं, आणि दुसऱ्याविषयीची कणव वाढली.

एवढं असूनही गणिताच्या गुणांसाठी संगीत शिकवा, हा युक्तिवाद मी करणार नाही. गुण वाढवण्याचा अधिक स्वस्त मार्ग सापडला की दुसऱ्या दिवशी संगीत कापलं जाईल. इतिहास शिकवताना आपण तो भूमितीला किती मदत करतो हे विचारत नाही. माणसानं हजारो वर्षांत उभं केलेलं ज्ञान मुलाच्या हाती द्यावं, एवढं कारण पुरतं. स्वर आणि लय हे तसंच ज्ञान आहे.

'याला आवाज नाही'

संगीत सर्वांसाठी म्हटलं की पहिला आक्षेप येतो तो हा. काहींना सूर लागतच नाही, त्यांचं काय? जन्मतः स्वरभेद न कळणारी माणसं असतात, पण फार थोडी. अलीकडच्या मोठ्या पाहणीत त्यांचं प्रमाण सुमारे दीड टक्का निघालं. उरलेल्या सगळ्यांना सूर ऐकू येतो. आवाज तिथपर्यंत नेण्याची सवय मात्र लावावी लागते, आणि ती वेगवेगळ्या वयात लागते.

वर्गात बेसूर म्हणून बाजूला बसवलेल्या मुलांची अडचण बहुधा साधी असते. गुरुजी आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात. लहान मुलाचा गळा आरामात फिरतो तो पाच-सहा स्वरांत, पेटीवर सांगायचं तर मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत. गाणं त्याच्या खाली सुरू झालं की मूल पुटपुटतं, वर गेलं की ओरडतं. पट्टी बदलून, छोट्या पल्ल्याचं गाणं घेऊन, पेटीऐवजी माणसाचा आवाज ऐकवून तेच मूल काही महिन्यांत सुरात येतं. पण नेमक्या त्याच वेळी एखाद्या मोठ्या माणसाच्या तोंडून 'तू नुसते ओठ हलव' असं निघालं, तर ते मूल साठ वर्षं गात नाही. असे कितीतरी आजी-आजोबा आपल्या घरात आहेत.

महाराष्ट्रातली शाळा

आपल्या शाळांत गाणं नाही असं म्हणता येणार नाही. परिपाठाला प्रार्थना, समूहगीत, राष्ट्रगीत असतं. बालभारतीच्या कविता चालीवर म्हणायची परंपरा आहे, आणि चाल लागलेली कविता माणूस म्हातारपणीही विसरत नाही. १५ ऑगस्टला लेझीम असते. स्नेहसंमेलन असतं.

उणीव आहे ती शिकवण्याची. गाणं म्हणून घेतलं जातं, पण ते कसं बनलं आहे हे मुलाला कळत नाही. सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा, असं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरण कला हा विषय अभ्यासबाह्य मानू नये असं सांगतं. प्रत्यक्षात कलेचा तास घटक चाचणी जवळ आली की गणिताला जातो, आणि स्नेहसंमेलनात निवडक मुलं ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचतात. ज्यांच्या घरी परवडतं ती खासगी वर्गाला जातात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुणही मिळतात. त्या मुलांनी ते मेहनतीनं मिळवलेले असतात. पण ज्या मुलाला तानपुरा कधी दिसलाच नाही, त्याच्यासाठी ही पायरीच नाही. शाळेनं संगीत सोडलं की संगीत बंद होत नाही, ते फक्त फी भरणाऱ्यांचं होतं.

आणि हे सगळं अशा प्रदेशात, जिथे शिकवण्याचं साहित्य शाळेच्या कुंपणाबाहेरच उभं आहे. भोंडल्याची गाणी घ्या. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, गाणी चार-पाच स्वरांत फिरतात, तीच चाल पुन्हा पुन्हा येते. पहिली-दुसरीच्या गळ्यासाठी याहून योग्य पाठ कोणत्या तज्ज्ञानं लिहिला असता? ओवी आहे, भारूड आहे, पोवाडा आहे, गोंडी, पावरी, बंजारा मुलांची घरची गाणी आहेत. घरची बोली वर्गात चालत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मुलाचं गाणं सगळा वर्ग शिकतो, तेव्हा त्या मुलाचं वर्गातलं स्थान बदलतं. गावात भजनी मंडळ आहे, पखवाज वाजवणारे काका आहेत. पंधरवड्यातून एकदा त्यांना वर्गात बोलावणं हे कुठल्याही मुख्याध्यापकाला जमण्यासारखं आहे.

लेझीमकडे जरा निरखून पाहा. हलगीचा ठेका सुरू होतो. शंभर मुलं हात पुढे, हात मागे, एक पाय, दुसरा पाय असं मोजत आठव्या मात्रेला वळतात. जो उशिरा वळतो त्याला शेजारच्याची लेझीम लागते, आणि पुढच्या आवर्तनाला तो आपोआप कान देऊन ऐकतो. कोणी रागवत नाही, कोणी मार्क कापत नाही. मात्रा, आवर्तन, सम या तिन्ही गोष्टी त्या मुलाच्या अंगात उतरलेल्या आहेत. कोणीतरी दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना नाव दिलं, फळ्यावर आठ खुणा केल्या, आणि त्यातली कुठली टाळी आणि कुठली खाली हे विचारलं, की संगीतशिक्षण सुरू झालं.

प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला यात एक व्यावहारिक फायदाही आहे. पन्नास मुलांच्या वर्गात प्रश्न विचारला तर एका वेळी एक मूल बोलतं आणि एकोणपन्नास वाट पाहतात. गाण्यात पन्नासही मुलं एकाच क्षणी काम करत असतात. दोन शिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसवावी लागते, तिथे सगळ्यांना एकत्र गुंतवणारा हा मोजक्या विषयांपैकी एक आहे. लहान मुलं ठेका धरतात, मोठी मुलं चाल गातात, आणि दोघांचं काम खरं असतं.

म्हणून मागणी साधी आणि करता येण्यासारखी आहे. पहिली ते आठवी रोज पंधरा मिनिटं गाणं, परीक्षेच्या आठवड्यातही. प्रत्येक इयत्तेसाठी पंधरा-वीस गाण्यांची यादी, त्यात त्या जिल्ह्याच्या बोलीतली गाणी हवीत. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात प्रत्येक भावी शिक्षकाला मुलांची पट्टी धरणं, पाच स्वर हातानं दाखवणं आणि आठ मात्रांचा ठेका मोजणं यायला हवं. सेवेत असलेल्यांना ते जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत शिकवावं. तालुक्यागणिक एक खरा संगीतशिक्षक असावा, जो शाळांतून फिरेल आणि बाईंच्या, गुरुजींच्या अडचणी सोडवेल. गुण देऊ नयेत. आणि कोणत्याही मुलाला गटातून वगळू नये, हा नियम लेखी असावा. गळ्याला खर्च नाही, टाळीला खर्च नाही. खर्च आहे तो शिक्षकाच्या तयारीचा, आणि तो शासनानं करायचा आहे.

कायद्यानं मुलाला शिक्षणाचा हक्क दिला तेव्हा त्यात फक्त वाचणं आणि मोजणं दिलेलं नव्हतं. संगीतातलं किमान ज्ञान, म्हणजे सुरात गाता येणं, लयीत राहता येणं, दुसऱ्याचं ऐकत आपला सूर सांभाळता येणं, हा त्या हक्काचाच भाग आहे. तो गुणी मुलांचा नाही, हौशी पालकांच्या मुलांचाही नाही. पटावर ज्याचं नाव आहे त्या प्रत्येक मुलाचा आहे, आणि त्याच्या वतीनं तो मागणं हे पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या प्रत्येकाचं काम आहे.